नळीवरचा शेंदूर

"त्या शेंदराला हात लावायचा नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

दौलतभाऊजींनी काउंटरवर मूठ आपटली, तसा शिकलगारमामांचा चष्मा काचेवरून घसरून खाली पडला. मामांनी तो शांतपणे उचलला, सदऱ्याला पुसला आणि रायफलीचं तोंड पुन्हा दिव्याखाली धरलं.

"मालक, मी कुठं हात लावतोय? मी म्हणतोय, तुम्ही काढून द्या. तुमच्या पूजेची वस्तू, मी कसा खरवडू? पर ह्यो थर ऱ्हायला तर नळीच्या तोंडावर ब्रेक सरळ बसायचा न्हाई."

"आबासाहेबांच्या हातचा शेंदूर आहे तो. प्रत्येक खंडेनवमीला लावलेला. खरवडायचा म्हणजे काय, थट्टा आहे?"

मामांच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. रायफल माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबासाहेबांची. त्यांच्यामागं ती माझ्या यजमानांकडं आली आणि हे गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं. मोठी वजनदार रायफल, बार उडाला की खांदा उखडून निघावा असा धक्का. लायसनवालीनं स्वतः समोर असल्याशिवाय मामा हत्यार हातात घ्यायचे नाहीत. म्हणून मला आणलं होतं. आणलं आणि बसवलं. बाकी सगळं बोलणं भाऊजी आणि मामा यांच्यात चाललं होतं. 'वहिनींच्या रायफलीला अमुक करा, वहिनींच्या रायफलीला तमुक नको.' वहिनींना मात्र एका शब्दानंही कोणी विचारत नव्हतं.

विचारलं असतं तरी मी उत्तर दिलं नसतं, हेही खरं. चातुर्मासात रोज गिरणीचा बाराचा भोंगा होईपर्यंत माझं मौन असायचं. लिहूनही काही सांगायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे बोलणंच झालं, असं मी स्वतःपुरतं ठरवलेलं. घरात सगळ्यांना त्याची सवय होती. भाऊजींना तर ते फार सोयीचं वाटायचं.

"काका, पण मामा म्हणतात तर काढूया की," रेवती म्हणाली. माझी मुलगी, तेव्हा नुकती कॉलेजात गेलेली. ही सगळी खटपट तिच्यासाठीच चालली होती.

रेवतीचा नेम चांगला होता. लहान रायफलीवर तिची गोळी काळ्या टिकलीच्या बाहेर सहसा जात नसे. पण घरची मोठी रायफल हातात आली की पोरगी डोळे मिटायची. धक्का बसणार, बसणार, या भीतीनं खटका दाबायच्या आधीच पापण्या खाली. रविवारी रायफल क्लबाची जिल्ह्यासाठी निवड होती. भाऊजींनी सरळ सांगितलं होतं, "रविवारी पोरीची निवड झाली तर रायफल राहू दे तुमच्याकडं. नाही झाली तर लायसन माझ्या नावावर करायच्या कागदावर सही करायची, वहिनी. घरात बसून गंजायला ठेवलेली नाही आबासाहेबांनी."

सही केली की रेवतीचं शूटिंग संपलं. भाऊजींनी रायफल कपाटात टांगली असती आणि पाहुण्यांना दाखवली असती.

यावर मामांनी उपाय काढला होता. नळीच्या तोंडावर बसवायची पोलादाची वीतभरही नसलेली नळकांडी, तिच्या दोन्ही बाजूंना तिरप्या खाचा. गोळीमागून येणारा धूर आणि जोर त्या खाचांतून बाजूला निघून जातो आणि खांद्यावरचा धक्का बराच कमी होतो. मझल ब्रेक म्हणतात त्याला. क्लबाच्या निवडीला तो चालतो, असं सेक्रेटरींनी आधीच सांगितलं होतं. मामांनी तो दुकानामागच्या लेथवर स्वतः घडवला होता. फक्त आबासाहेबांची रायफल त्यांनी आजवर कधी उघडी पाहिली नव्हती, आणि आमच्या घरात शेंदूर कुठं लावतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं तो लावतात नळीच्या अगदी तोंडाशी, वरच्या अंगाला. तेलात कालवलेला शेंदूर वाळला की दगडासारखा होतो. वर्षावर वर्षं चढत नळीच्या माथ्यावर चांगला उंचवटा तयार झाला होता. परवाच्या खंडेनवमीला भाऊजींनी त्यावर आणखी एक जाड बोट ओढलं होतं. वर्षभर देवघराचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही ज्यांना ठाऊक नसतं, त्यांचं बोट त्या एका दिवशी नेहमी जरा जास्तच भरतं.

"सरळ बसला न्हाई तर काय हुतंय सांगतो," मामा म्हणाले. "ब्रेकचं भोक आन् नळीचं भोक एका रेषेत पायजे. जरा वाकडं झालं की गोळी जाताना ब्रेकच्या ओठाला घासंल. मग गोळी एकीकडं, आन् ब्रेकचे तुकडे दुसरीकडं. बाजूला कोण हुबं हाय ते बघत न्हाईत तुकडे."

"तुम्हा कारागिरांचं काहीतरीच असतं. ब्रेकचं भोक थोडं मोठं करा मागच्या बाजूनं. शेंदरासकट बसेल."

"बसंल. पर सरळ?"

"शिकलगार, मला बारा वाजता पाडळीला पोचायचं आहे. सोयऱ्यांकडं जेवण आहे. नवरात्र संपल्यावरचं पहिलं मटण. तांबडा रस्सा माझ्यासाठी थांबत नसतो."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. रायफल माझी, हे त्या दुकानात फक्त त्यांच्या ध्यानात होतं. भोक मोठं करायला 'नको' अशी मी मान हलवली. भाऊजी मध्येच म्हणाले, "बघा, वहिनीपण नको म्हणतायत. शेंदूर काढायचा नाही."

मी कपाळाला हात लावला.

मामा लेथवर गेले. घरघर झाली, पोलादाचा किस पडला, आणि ते ब्रेक मागून सैल करून घेऊन आले. शेंदरावरून तो कुरकुरत चढला. मामांनी बारीक स्क्रू आवळले, नळीमागचा सरकता बोल्ट काढून ठेवला आणि मागच्या बाजूनं, उजेडाकडं तोंड करून, नळीतून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डोळ्याला जरा फरक वाटतोय," ते म्हणाले. "सळई घालून बघितली पायजे. नळीतनं सरळ सळई घालायची, ब्रेकमधनं भाईर काढायची. मधोमध आली तर बरं."

"मैदानावर बघा सळई. चला, जीप काढतो मी."

भाऊजी बाहेर गेलेसुद्धा. रेवतीनं नळीतून डोळा लावून बघितलं आणि म्हणाली, "आई, बघ गं. आत आरसा केल्यासारखं चकचकीत दिसतंय."

मी बघितलं.

आमच्याकडं संकष्टीला चंद्र बघून मगच जेवायचं, आणि ढगांतून तो नेमका कुठं निघाला हे शोधायला गच्चीवर जायचं काम माझ्याकडं असतं. त्यामुळं गोल गोष्टीकडं बघायची माझ्या डोळ्याला सवय. नळीच्या टोकाला उजेडाचं वर्तुळ होतं, आणि त्या वर्तुळाच्या खालच्या कडेला एक बारीक काळी कोर. वर नाही, बाजूला नाही, फक्त खाली. शेंदरानं ब्रेक वर उचलला होता, आणि त्याचा खालचा ओठ गोळीच्या वाटेत आला होता.

मी रेवतीचा हात धरला. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला, दुसऱ्या हाताच्या नखानं त्या गोलाची खालची कड झाकली.

"काय? बांगडी? बांगडी फुटली?"

मी मान हलवली. पुन्हा गोल केला, पुन्हा कड झाकली.

भाऊजी किल्ली फिरवत दारात आले. "काय झालं?"

"आई काहीतरी म्हणतेय."

"चहा हवा असेल. कपाचा गोल दाखवतायत. तिकडं जाऊन घेऊ, वहिनी."

मला चहा नको होता. त्या क्षणी मला दौलतभाऊजींच्या डोक्यात वाजेल असं काहीतरी हवं होतं.

मामांनी बोल्ट पुन्हा चढवला. जीपमध्ये मी मागं रायफल घेऊन बसले, शेजारी मामा पिशवी मांडीवर धरून. मी भाऊजींच्या खांद्याला हात लावला आणि नळीच्या तोंडाकडं बोट दाखवलं.

"डिझेल? आहे, आहे. काल भरलंय."

मी नळीच्या तोंडावर बोट ठेवून ते तिरपं केलं.

"रस्ता वाकडाच आहे वहिनी, मी काय करू? नगरपालिकेला सांगा."

रेवती वळून म्हणाली, "आई, बोल की एकदाचं! देव काय रागावणाराय का?"

"बोलू नका," भाऊजी म्हणाले. "नेम म्हणजे नेम. आमच्या घरात नेमाला किंमत आहे अजून. नाही का शिकलगार?"

मामा खिडकीबाहेर बघत होते. ते एवढंच म्हणाले, "आधी सळई घालू मालक. मग बार."

त्यांनी हे सांगितलं म्हणून मी गप्प बसले. सळई घातली की कोर सगळ्यांना दिसेल, मला काही सांगावं लागणार नाही, असं मी मनाला समजावलं. शेवटी दुपार होणारच होती, आणि मला काय सांगायचं ते सांगायला मिळणारच होतं.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं गायरान. समोर मातीचा उंच बांध, त्यापुढं लाकडी चौकटीत कागदाची टिकली, आणि बार काढायच्या जागी ताडपत्री अंथरलेली. भाऊजींनी फाटकाचं कुलूप काढलं, घड्याळात पाहिलं आणि भराभर हुकूम सोडायला सुरुवात केली.

"रेवा, पालथी झोप. शिकलगार, तुम्ही तिच्या बाजूला. वहिनी, तुम्ही सावलीत."

मामा अजून पिशवीत सळई शोधत होते. ती लांब होती, म्हणून तिरपी घातलेली, आणि फडक्यात अडकली होती. तोवर रेवती रायफल घेऊन पालथी झोपली. तिनं दस्ता खांद्याला लावला. भाऊजींनी खिशातून काडतूस काढलं.

"मालक, सळई."

"अहो, एक बार काढून बघू की! वाकडा असला तर कळेलच."

कळेलच. हे वाक्य मी आजही ऐकते. वाकडा असला तर कळेलच! आणि कोणाला कळेल? मामा तिच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसले होते. भाऊजी उजव्या बाजूला, नळीच्या खाचांपासून दोन हातांवर. आणि माझी मुलगी त्या रायफलीला गाल लावून.

मी तोंड उघडलं. नेम मोडायची माझी पूर्ण तयारी होती. पोरीपुढं कसला नेम? पण माझा आवाज असा की शेजारचा दूधवालासुद्धा दोनदा 'काय म्हणालात' विचारतो. आणि भाऊजींनी तर माझं बोलणं आयुष्यात कधी पुरतं ऐकलं नव्हतं. माझा 'थांबा' मैदानावर कुठं पोचणार होता? शब्द बाहेर पडायच्या आधी पाय निघाले.

नळीच्या पुढं कधी यायचं नाही, हे आबासाहेबांनी मला सून म्हणून आल्यावर पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. मी मागून गेले, ताडपत्रीवर रेवतीच्या शेजारी बसले आणि तिच्या हातांतून रायफल ओढून मांडीवर घेतली. बोल्ट मागं खेचून बाहेर काढला. आत काही नव्हतं. काडतूस अजून भाऊजींच्या चिमटीत होतं.

"वहिनी! काय करताय?"

मी मामांकडं बघून हात पुढं केला. मामांना एका क्षणात कळलं. त्यांनी फडक्यातून सळई सोडवली आणि नळीच्या मागून आत घातली. ती सरळ गेली, ब्रेकमध्ये शिरली आणि टिक्क असा आवाज करून अडली. मामांनी ती दोन बोटांनी हलकेच वर उचलली, तेव्हा बाहेर आली. सोडली की ब्रेकच्या खालच्या ओठावर जाऊन टेकायची.

रेवती उठून बसली. तिनं सळईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अंगठा आणि बोट जुळवून तिनं गोल केला आणि नखानं खालची कड झाकली. मी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थोडंसंच तर आहे," भाऊजी म्हणाले, पण दोन पावलं मागं सरून.

मी स्क्रूंकडं बोट दाखवलं. मामांनी ते सोडले, ब्रेक काढून फडक्यावर ठेवला, आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले. पुढचं काम त्यांचं नव्हतं.

मी अंबाड्यातला आकडा काढला. मामांच्या डबीतलं तेल शेंदरावर ओतलं, जरा मुरू दिलं आणि खरवडायला लागले.

"वहिनी, अहो पाप आहे हे! आबासाहेबांचा शेंदूर आहे. नेमधर्माची बाई तुम्ही, तुम्हीच असं करायला लागलात तर... रेवा, सांग आईला!"

"तुम्हीच सांगा, काका," रेवती म्हणाली. "ती आत्ता बोलत नाही."

पहिला थर लगेच सुटला. तो परवाचा, भाऊजींचा, लालभडक आणि अजून मऊ. त्याखाली आणखी काही त्यांचेच, हे गेल्यानंतरच्या वर्षांचे. मग रंग बदलला. खालचे थर गडद होते, विटेसारखे, पातळ. रेवतीच्या वडिलांना जास्त लावायची सवय नव्हती. करंगळीनं लावायचे, आणि मग ती करंगळी माझ्या पदराला पुसायचे, मी रागावले तरी. तिथं माझा हात थांबला.

भाऊजींना वाटलं, मला पटलं. ते म्हणाले, "बस्स झालं वहिनी. आतलं राहू द्या."

मी मामांकडं पाहिलं. मामांनी नळीला हात न लावता लांबूनच डोळा बारीक केला आणि मान हलवली. अजून उंचवटा होता. सगळाच निघायला हवा होता.

मी तो काढला. यांचा, आणि त्याखालचा काळा पडलेला, आबासाहेबांचाही. नख मोडलं. प्रत्येक खपली मी पदराच्या टोकात गोळा करत गेले, एकही ताडपत्रीवर पडू दिली नाही. खाली नळीचं लोखंड निघालं, निळसर, स्वच्छ, नव्यासारखं. इतकी वर्षं शेंदरानं त्याला गंजू दिलं नव्हतं. मी पदराला गाठ मारली आणि मामांना खूण केली, आता तुमचं.

मामांनी ब्रेकच्या आतून पितळेचा पातळ पत्रा गुंडाळला, कारण भोक आता मोठं झालं होतं. नळीभोवती सगळीकडं सारखा बसेल असा तो फिरवून फिरवून बसवला. स्क्रू एकेक करून थोडेथोडे आवळले, एकदम नाही. मग सळई घातली.

ती बाहेर आली, कुठंही न टेकता, ब्रेकच्या तोंडात मधोमध.

"आता बघा, वहिनीसाब," मामा म्हणाले. त्या दिवसात पहिल्यांदा कोणीतरी मला बघायला सांगितलं होतं. मी बोल्टच्या बाजूनं डोळा लावला. उजेडाचा गोल पुरता होता. पौर्णिमेसारखा.

लांब गिरणीचा भोंगा झाला.

भाऊजी हातातलं काडतूस चोळत होते. कपाळाला घाम आला होता. त्यांना वाटलं असावं, आता वहिनींचं तोंड सुटणार, हे गेल्यापासूनचं दहा वर्षांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर येणार. त्यांनी मान खाली घातली. "बोला वहिनी. काय बोलायचं ते बोला."

"भाऊजी," मी म्हणाले, "काडतूस द्या. तुमचा रस्सा गार होईल."

त्यांनी काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. मामांनी बोल्ट चढवला आणि मी ते रेवतीला दिलं. सगळ्यांना मागं घेतलं, भाऊजींना सगळ्यात मागं. ती पालथी झोपली, दस्ता खांद्याला लावला. मी तिच्या पायांपाशी उकिडवी बसले.

"डोळे उघडे ठेव."

"धक्का बसला तर?"

"बसू दे. उघडे ठेव."

बार झाला. खाचांमधून दोन्ही बाजूंनी धूळ उडाली, खांदा जरासा हलला. रेवती वळली. तिचे डोळे टक्क उघडे होते, इतके मोठे की मला हसू आलं.

"आई," ती म्हणाली, "मला गोळी लागताना दिसली."

रविवारी तिची निवड झाली. त्या कागदावर मला सही करावी लागली नाही, आणि भाऊजींनी त्याचं नावही पुन्हा काढलं नाही. गावात ते सांगत फिरले की सळई घालून बघायचं त्यांनीच सुचवलं होतं. मी ते खोडलं नाही. शिकलगारमामांनीही खोडलं नाही, पण पुढं कधी मी दुकानात गेले की ते हातातलं काम बाजूला ठेवून आधी मला खुर्ची द्यायचे, मग विचारायचे, "वहिनीसाब, कसं करायचं?"

पदरातला शेंदूर मी घरी नेऊन देवघरातल्या चांदीच्या करंड्यात ठेवला. कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली होती. रायफल मधोमध, तोंडाला ब्रेक. भाऊजी सोवळं नेसून आले. ताज्या शेंदराची वाटी हातात, बोट भरलेलं, नेहमीसारखं जरा जास्तच. ते वाकले, नळीच्या तोंडाकडं गेले आणि तिथंच थबकले. बोट हवेत तसंच राहिलं. शेंदराचा एक थेंब पाटावर पडला.

"वहिनी," ते म्हणाले, "कुठं लावू?"

भोंगा व्हायला अजून वेळ होता. मी करंडा उघडून त्यांच्यापुढं सरकवला. आत विटेच्या रंगाच्या आणि काळ्या खपल्या होत्या, तेलात भिजवून मऊ केलेल्या. भाऊजींनी त्याकडं पाहिलं. मग मी रायफलीच्या लाकडी दस्त्यावर, रेवतीचा खांदा टेकतो त्याच्या जरा खाली, बोट ठेवलं.

त्यांनी ताज्या शेंदरानं भरलेलं बोट धोतराला पुसलं. करंड्यात करंगळी बुडवली, अगदी थोडी, आणि मी दाखवलं होतं तिथंच टेकवली.